माझी मुलगी जिंकली, म्हणून हे पत्र लिहिते आहे

प्रति,
संस्थेचे अध्यक्ष व सर्व विश्वस्त,
मुख्याध्यापक सर,
आणि पालक-शिक्षक संघाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

शाळेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. ज्यांना कळणार नाही त्यांच्याही गावच्या शाळेत हेच चाललं असेल, नाहीतर उद्या चालू होईल, म्हणून पत्र बंद पाकिटातून न देता उघड लिहिते आहे.

गेल्या सोमवारी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळेची सूचना आली. या वर्षीपासून पाचवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गाचं स्वतंत्र इन्स्टाग्राम पेज असेल. प्रत्येक मुलाने महिन्याला एक रील द्यायचं. ज्याच्या रीलला सर्वांत जास्त लाईक्स, तो त्या महिन्याचा 'स्टार विद्यार्थी', आणि त्याचा फोटो फाटकावरच्या फ्लेक्सवर. सूचनेखाली पालकांनी भराभर अंगठे आणि टाळ्या टाकल्या. मी तिथे काही लिहिलं नाही, कारण मला जे लिहायचं होतं ते अंगठ्यांच्या रांगेत मावणारं नव्हतं.

मी याच शाळेतून १९९८ साली दहावी झाले. एस.टी. स्टँडजवळ माझं औषधाचं दुकान आहे, आणि माझी मुलगी आता नववीत आहे. गेल्या डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या वेळी तुम्ही हाच प्रयोग करून पाहिलात. त्यात आठवीतून माझी मुलगी पहिली आली. तेव्हा हरलेल्या मुलीची आई कुरकुर करते आहे, असं कुणी समजू नये. मी जिंकलेल्या मुलीची आई आहे, आणि जिंकल्यावर काय झालं ते तुमच्यापर्यंत पोचलेलं नाही.

आधी ते स्नेहसंमेलन आठवून बघा. प्रत्येक मुलाचा कार्यक्रम वेगळा कापून पेजवर टाकला. मुदत आठ दिवसांची. निम्मे गुण परीक्षकांचे, निम्मे लाईक्सचे. रोज संध्याकाळी ग्रुपवर आकडे यायचे, कोण पुढे, कोण मागे. माझ्या मुलीने जोगवा सादर केला. चांगला केला. त्याच दिवशी तिच्या मैत्रिणीने भारूड केलं, आणि मंडपात बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की त्या संध्याकाळचं सगळ्यात जिवंत काम तेच होतं. मागे उभी असलेली म्हातारी माणसं ताल धरत होती. परीक्षकांनी तिलाच जास्त गुण दिले.

मग लाईक्स मोजले गेले. माझा भाऊ पुण्यात मोठ्या कंपनीत नोकरीला आहे, त्याने लिंक ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. मी स्वतः औषधविक्रेत्यांच्या ग्रुपवर टाकली, माहेरच्या ग्रुपवर टाकली, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर टाकली. ज्यांनी माझ्या मुलीला कधी पाहिलेलं नाही अशा माणसांनी, बहुतेकांनी रील शेवटपर्यंत न बघताच, बदाम दाबला. १,१४० लाईक्स झाले. तिच्या मैत्रिणीच्या घरी स्मार्टफोन एकच. तो वडिलांजवळ, आणि हंगाम चालू म्हणून वडील ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर. तिला ८७ मिळाले.

हे दोन्ही आकडे शाळेने कागदावर छापून सूचना फलकावर लावले.

या दोघी बालवाडीपासून एका बाकावर बसत होत्या. एकीच्या डब्यातली भाजी दुसरीच्या डब्यात असायची. पावसाळ्यात एकीकडे छत्री नसली तर दुसरीही भिजत यायची. निकालाच्या दुसऱ्या दिवशी माझी मुलगी घरी येऊन म्हणाली, "मम्मी, मी तिचं रील लाईक केलं होतं. तिने माझं केलंच नाही." आणि तिची मैत्रीण वर्गात सगळ्यांसमोर म्हणाली होती, "तुला तुझ्या मामानं जिंकवलंय." दोघींचंही म्हणणं खरं होतं. त्यावर मी काय बोलणार होते?

जानेवारीपासून त्या वेगवेगळ्या बाकांवर बसतात. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. आमचीही या शाळेत भांडणं झाली, कट्टी झाली, दोन दिवसांनी करंगळी सोडून दोन बोटं जोडून बट्टीही झाली. यांचं भांडण झालेलंच नाही. दोघींच्या मध्ये १,१४० आणि ८७ येऊन बसले आहेत, आणि ते आकडे दोघींपैकी कुणीच लिहिलेले नाहीत. ते शाळेने लिहिले.

तुम्ही म्हणाल, एका मैत्रीवरून एवढं मोठं पत्र? म्हणून पुढचंही सांगते.

चैत्रात गावच्या यात्रेला माझी नणंद आली. येताना भाचीसाठी शेवेचे लाडू करून आणले होते. माझी मुलगी खोलीतून बाहेर येईना. शेवटी मी आत गेले तर म्हणाली, "आत्यानं लाईक केलं नव्हतं." चार महिने झाले होते, आणि कुणी कुणी केलं नव्हतं ती सगळी नावं तिला पाठ होती. तिची आत्या अंगणवाडी सेविका आहे. दिवसभर पोषण ट्रॅकरवर बालकांची वजनं आणि उंची भरून भरून डोळे दुखतात, रात्री ती फोन हातात घेत नाही. तिला त्या स्पर्धेचा पत्ताही नव्हता. लाडू करणारी आत्या आणि लाईक न करणारी आत्या यांतली दुसरी माझ्या मुलीला मोठी वाटली, याचं मला त्या दिवशी रडू आलं.

आणि तिचं स्वतःचं काय झालं? ती आधी खळखळून हसायची. दात थोडे पुढे आहेत, माझ्यासारखे. रीलखाली कुणा अनोळखी खात्यावरून तिच्या दातांबद्दल एक वाक्य लिहिलं गेलं. शाळेच्या पेजवर प्रतिक्रिया खुल्या ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर कुणाचीही नजर नव्हती. मी फोन केला तेव्हा तिसऱ्या दिवशी ते वाक्य काढलं गेलं. आता ती ओठ मिटून हसते, आणि फार हसू आलं तर तोंडावर हात धरते. फेब्रुवारीत तिने मैत्रिणींबरोबरचा एक साधा फोटो टाकला, त्याला ४० लाईक्स आले, तर तासाभरात काढून टाकला. म्हणाली, "लोक म्हणतील हिचं संपलं." तेरा वर्षांच्या मुलीचं काय सुरू झालं होतं आणि काय संपलं? जिंकल्यामुळे तिच्या हाती एक आकडा आला, आणि तो सांभाळायचं कामही आलं. हरलेल्या मुली निदान त्या कामातून सुटल्या.

सहावीतल्या एका मुलाबद्दलही लिहिते. त्याच्या आईला विचारून लिहिते आहे. तो बोलताना अडखळतो. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला त्याने भाषण केलं. मध्ये अडकला. समोरच्या मुलांनी वाट पाहिली, त्याच्या बाई मान हलवून धीर देत राहिल्या, त्याने भाषण पुरं केलं आणि मैदान टाळ्यांनी भरून गेलं. ते दृश्य बघून मला या शाळेचा फार अभिमान वाटला होता. तेच भाषण पेजवर गेलं. कुणीतरी त्यातला फक्त अडखळण्याचा भाग कापून, खाली गाणं लावून, गावातल्या ग्रुपांवर फिरवला. त्याच्यासाठी थांबलेली मुलं त्या तुकड्यात नव्हती आणि मान हलवणाऱ्या बाईही नव्हत्या. त्यानंतर त्या मुलाने एकदाही हात वर केलेला नाही.

आता माझ्या दुकानातली गोष्ट, कारण ती मला सगळ्यात जास्त घाबरवते.

पूर्वी मुली एखाद्या नटीचा फोटो दाखवून विचारायच्या, "असा रंग यायला काय लावतात?" आता स्वतःचाच फोटो दाखवतात. फिल्टर लावलेला. गाल गुळगुळीत, नाक बारीक, रंग दोन छटांनी उजळ. "ताई, असा चेहरा होईल अशी ट्यूब द्या." अंगावर तुमच्याच शाळेचा गणवेश असतो. कारण विचारलं तर सांगतात, रीलमध्ये अशी दिसते आणि वर्गात तशी दिसत नाही, मग मुलं चिडवतात. स्वतःच्याच फोटोसमोर स्वतःचा चेहरा कमी पडल्याची लाज मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती.

त्यांना हवी असते ती ट्यूब स्टेरॉइडची असते. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावं त्यांना ठाऊक नसतात, डबीचा रंग ठाऊक असतो. ही मलमं त्वचेच्या ठरावीक आजारांवर, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावायची असतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद करण्यासाठी त्यांना शेड्यूल एच मध्ये घातलं, तरी ती सर्रास मिळतात. गोरं व्हायला म्हणून लावली की पहिले काही दिवस चेहरा उजळल्यासारखा वाटतो. मग त्वचा पातळ होते, उन्हात लाल होते, पुरळ येतं, लव वाढते. सोडून दिलं की भडका उठतो आणि घाबरून मुलगी पुन्हा तीच लावते. मी देत नाही. मी दिली नाही की त्या दुसरीकडे जातात, हेही मला माहीत आहे. अशा मुलींना समजावताना मी सांगते की फोटोतली ती मुलगी अस्तित्वातच नाही. आता मला त्यांना हेही सांगावं लागणार का, की त्या नसलेल्या मुलीचा फोटो शाळेच्या फाटकावर लागू शकतो?

तुलना माणसाच्या स्वभावात आहे, हे मला मान्य आहे. लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच मांडलं होतं की आपण बरे की वाईट हे जोखायला दुसरं माप नसलं की माणूस आजूबाजूच्या माणसांकडे बघतो. आमच्या वेळी आजूबाजूला वर्गातली ५०-६० मुलं होती. एक गणितात हुशार, एक कबड्डीत, एकीचं अक्षर मोत्यासारखं. प्रत्येकाला कुठेतरी जागा होती आणि प्रत्येकाचे खरे गुणदोष सगळ्यांना दिसत होते. आता प्रत्येक जण आपला निवडलेला, घासूनपुसून काढलेला क्षण समोर ठेवतो, आणि समोरचा आपल्या सगळ्या दिवसाची तुलना त्या एका क्षणाशी करतो. मोठी माणसंसुद्धा यात खचतात.

हे बनवणाऱ्या कंपनीलाही ठाऊक आहे. इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये कॅनडापासून सुरुवात करून काही देशांत लाईक्सचा आकडा लपवून पाहिला, कारण त्या आकड्याचं दडपण येतं हे त्यांना दिसत होतं. मे २०२१ पासून आकडा झाकायची सोय सगळ्यांनाच मिळाली. त्याच वर्षी फ्रान्सेस हॉगन या माजी कर्मचारी बाईंनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. त्यांतल्या एका सादरीकरणात कंपनीच्याच संशोधकांनी लिहिलं होतं की किशोरवयीन मुलींपैकी तिघींत एकीची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी इन्स्टाग्राममुळे वाढते. कंपनीने उत्तर दिलं की हा आकडा आधीपासूनच त्या त्रासात असलेल्या मुलींपुरता आहे. ते उत्तर खरं धरलं तरी अशा मुली तुमच्या प्रत्येक वर्गात आहेत. ज्या कंपनीचा धंदाच लाईक्सवर चालतो तिने आकडा झाकायची सोय दिली, आणि आपली शाळा तो आकडा छापून फलकावर लावते. सर, हे मला कुठल्याही तऱ्हेने समजावून घेता येत नाही.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. पट घसरतो आहे. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे सरकार पटावरून शिक्षकांची पदं ठरवतं त्यात, पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरतात. एप्रिल-मेच्या उन्हात आपले शिक्षक दारोदार फिरून "तुमचं लेकरू आमच्याकडे घाला" म्हणतात, हे मी पाहिलं आहे आणि पाहताना जीव तुटला आहे. शेजारच्या इंग्रजी शाळेची रीलं गावभर फिरतात, तेव्हा आपणही काहीतरी करावं असं वाटणं साहजिक आहे. पण मुलांची जाहिरात करून पट टिकवायचा झाला तर शिक्षक तरी किती शिकवू शकतील? गेल्या जुलैत वृक्षारोपण झालं तेव्हा मी पालक म्हणून हजर होते. एकच रोप चार वर्गांच्या हातून चार वेळा खड्ड्यात ठेवून चार वेळा काढलं गेलं, प्रत्येक वर्गाचा व्हिडिओ वेगळा हवा म्हणून. रोप जगलं नाही. एका शिक्षिकेने मला सांगितलं की आठवड्याचे दोन तास रील बसवण्यात जातात आणि अभ्यासक्रम मागे पडतो. त्या बाईंचं नाव मी कधीही सांगणार नाही.

हे खूळ मुलांनी आणलेलं नाही, हेही मला कबूल करायचं आहे. चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स आपणच लावले, खाली शुभेच्छुकांचे तीस-तीस चेहरे चिकटवून. आमच्या घरात सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला जावेने स्टेटस ठेवलं नाही म्हणून दोन महिने अबोला होता, आणि तो धरणाऱ्यांत मीही होते. मुलीचा प्रत्येक वाढदिवस, प्रत्येक पारितोषिक, अगदी तिच्या पहिल्या साडीचा फोटोही मी तिला न विचारता स्टेटसला ठेवला. आता तो माझ्या फोनमधून काढला आहे आणि तिची माफी मागितली आहे. घरात आम्ही चुकलो. पण घरातली चूक दुरुस्त करायला मुलांना एक दुसरी जागा लागते, आणि ती जागा शाळा होती.

आता नियमांचं. मी वकील नाही, पण जे स्पष्ट लिहिलेलं आहे ते वाचता येतं.

इन्स्टाग्रामवर खातं काढायला किमान १३ वर्षं पूर्ण लागतात, हा कंपनीचाच नियम आहे. तुमची योजना पाचवीपासून आहे. पाचवी-सहावीतलं मूल दहा-अकरा वर्षांचं. वर्गातल्या रीलवर लाईक करायला त्याने एकतर आईचा फोन घ्यायचा किंवा जन्मसाल खोटं टाकायचं. खोटं जन्मसाल टाकलेली मुलं मला आजच माहीत आहेत.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावं असं शिक्षणाचं एक उद्दिष्ट सांगितलं आहे. दर महिन्याला साठ मुलांतून एकाला सर्वांत आवडता ठरवायचं आणि बाकीच्यांना आपण किती नावडते ते आकड्यांत दाखवायचं, हे त्या उद्दिष्टात कुठे बसतं?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि बालकाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. प्रवेश अर्जाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'छायाचित्रांस हरकत नाही' असं लिहून घेतलेली सही म्हणजे संमती, असं तुम्ही कृपा करून म्हणू नका. मीही त्या पानावर सही केली होती. तेव्हा मला वाटलं होतं की वर्गाचा सामूहिक फोटो असेल.

आणि संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला भारताने १९९२ मध्येच मान्यता दिली आहे. तिचं सोळावं कलम मुलांच्या खासगीपणाचं आहे. मुलाचं खासगी आयुष्य मुलाचं असतं, पालकांचंही नव्हे.

दूर जायला नको. आपल्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ पासून गावाने ठरवून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवले. त्यात मुलांचा अभ्यास आणि माणसांचं एकमेकांशी बोलणं व्हावं, एवढाच हेतू होता. एक गाव संध्याकाळचा दीड तास राखू शकतं, तर आपली शाळा सकाळी अकरा ते पाच एवढा वेळ राखू शकणार नाही का?

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. 'स्टार विद्यार्थी' योजना आणि वर्गवार पेजं सुरू करण्याआधीच रद्द करावीत. लाईक्स, व्ह्यूज किंवा फॉलोअर्स यांवर कुठल्याही मुलाला गुण, बक्षीस किंवा जागा दिली जाऊ नये.

२. आजवर पेजवर टाकलेली, मुलांचे चेहरे ओळखू येतील अशी सगळी रीलं १५ दिवसांत काढावीत. सहावीतल्या मुलाचं भाषण आजच काढावं. त्याच्या तुकड्याबद्दल शाळेने स्वतः तक्रार नोंदवावी, ते ओझं त्याच्या आईवर टाकू नये.

३. यापुढे कुठलाही फोटो वा व्हिडिओ बाहेर टाकण्याआधी त्या त्या वेळी पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि त्याआधी मुलाला विचारावं. मूल नको म्हणालं की विषय तिथेच संपावा. नको म्हणणाऱ्या मुलाला कार्यक्रमातून वगळलं जाऊ नये.

४. शाळेची माहिती गावाला जरूर द्यावी. प्रयोगशाळा दाखवा, वाचनालय दाखवा, मुलांची चित्रं आणि हस्तलिखित दाखवा, आमच्यासारख्या माजी विद्यार्थ्यांना बोलतं करा. माझा चेहरा लागेल तितका वापरा, मी ४० पार केलेली बाई आहे आणि मला विचारून वापरणार आहात. प्रवेशाच्या दिवसांत शिक्षकांबरोबर दारोदार यायलाही मी तयार आहे, आणखी नऊ पालकांनी तसं कबूल केलं आहे.

५. शिक्षकांवर रीलं करण्याची सक्ती नसावी.

६. प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी-सावित्री समिती असावी असा शासनाचा आदेश आहे. आपल्याकडे ती कागदावर आहे. तिची बैठक या महिन्यात घ्यावी आणि ऑनलाईन चिडवण्याच्या तक्रारी तिच्यापुढे ठेवाव्यात. टेली-मानस या मोफत मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक, जिथे लाईक्सचे आकडे लावले होते त्याच फलकावर लावावा.

७. गेल्या डिसेंबरच्या स्नेहसंमेलनाचा निकाल फक्त परीक्षकांच्या गुणांवर पुन्हा जाहीर करावा.

या शेवटच्या मागणीबद्दल थोडं लिहावं लागेल. असा निकाल लावला तर आठवीतून भारूड करणारी मुलगी पहिली येते आणि माझी मुलगी दुसरी. मी हे माझ्या मुलीला आधी सांगितलं, कारण यावेळी तिला न विचारता तिच्याबद्दल काही करायचं नव्हतं. ती चिडली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "मी पण मेहनत केली होती" म्हणाली, आणि ते खरंच आहे. तिच्या जोगव्यात काही खोट नव्हती, आणि हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी दुकान बंद करून घरी आले तर स्नेहसंमेलनात तिला मिळालेली बक्षिसाची ढाल शोकेसमध्ये नव्हती. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून, माझ्या पिशवीजवळ ठेवलेली होती. त्यावर तिने मैत्रिणीचं नाव लिहिलं होतं. अजून दोघी बोलत नाहीत.

शनिवारी दुपारी चार वाजता पालक सभा आहे. या पत्रावर आमच्या वर्गातल्या २३ पालकांच्या सह्या आहेत, त्यांची प्रत तेव्हा देईन. ढालही बरोबर आणते आहे. ती कार्यालयात जमा करून न घेता, सर, तुम्ही सोमवारी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर त्या मुलीच्या हातात द्यावी, आणि त्या वेळी कुणीही फोन काढू नये, एवढी विनंती.

आपली नम्र,
शाळेची एक माजी विद्यार्थिनी आणि नववीतल्या मुलीची आई